मोठी तोफ लावली म्हणजे लढाई जिंकली असं नसतं! 'ईव्ह ऑनलाईन'मध्ये जहाजावर शस्त्र निवडायचं तरी कसं?

तीन महिने. माझा एक मित्र रोज रात्री जेवण झालं की लॅपटॉप उघडायचा आणि अंतराळात दगड फोडत बसायचा. लघुग्रहांमधून खनिज काढायचं, बाजारात नेऊन विकायचं, पैसे साठवायचे. त्या पैशातून त्याने शेवटी एक बॅटलशिप घेतली आणि तिच्यावर बाजारात मिळाल्या त्या सगळ्यात मोठ्या तोफा लावल्या. जेवढ्या बसतील तेवढ्या. ग्रुपवर स्क्रीनशॉट आला, आम्ही सगळ्यांनी बदाम टाकले.

चार दिवसांनी दुसरा स्क्रीनशॉट आला. जहाजाच्या जागी नुसता भंगाराचा ढीग. झालं काय होतं, तर एक चिमुकली फ्रिगेट, जिची किंमत याच्या एका तोफेइतकीही नसेल, याला चिकटली आणि गरगर फिरत राहिली. याने सगळ्या तोफा चालवल्या. एकही गोळी लागेना. तेवढ्यात त्या फ्रिगेटवाल्याचे दोस्त आले आणि विषय संपला.

"अरे, माझ्या तोफा तर सगळ्यात भारी होत्या," तो म्हणाला. त्याचं सगळं गणित तिथेच चुकलं होतं.

हा गेम म्हणजे 'ईव्ह ऑनलाईन'. आइसलँडची राजधानी रेक्याविकमधल्या सीसीपी गेम्स या कंपनीने तो मे २००३ मध्ये आणला. चीनसाठी वेगळा सर्व्हर आहे, बाकी सगळ्या जगाचे खेळाडू एकाच विश्वात खेळतात. नोव्हेंबर २०१६ पासून त्यात फुकट खेळायचीही सोय आहे, फक्त काही जहाजं आणि कौशल्यं पैसे भरणाऱ्यांसाठी राखीव असतात.

बाकीच्या गेमपेक्षा इथे वेगळं काय? तर इथे जहाज फुटलं की फुटलं. पुन्हा त्याच जागी नव्याने उभं राहत नाही. विमा काढला असेल तर थोडेफार पैसे परत मिळतात. पण त्यावर लावलेल्या तोफा, इंजिनं, शील्ड यातलं काही कायमचं नष्ट होतं आणि उरलेलं समोरचा उचलून नेतो. जहाजं खेळाडूच बनवतात, खेळाडूच विकतात. त्यात 'प्लेक्स' नावाची वस्तू खऱ्या पैशांनी विकत घेऊन गेममधल्या चलनात, म्हणजे इस्कमध्ये, विकता येते. त्यामुळे प्रत्येक जहाजाचा एक अंदाजे डॉलरचा भावही निघतो. चुकीचं शस्त्र लावलं तर कुणाचे तीन महिने जातात, कुणाचे खरोखरचे पैसे.

हे किती टोकाला जाऊ शकतं, ते २७ आणि २८ जानेवारी २०१४ ला दिसलं. बी-आर-५-आर-बी नावाच्या एका तारामंडळावर ज्या गटाचा ताबा होता, त्यांचा तिथला ताब्याचा हप्ताच भरला गेला नाही. ताबा सुटला, विरोधक घुसले आणि सुमारे २१ तास लढाई चालली. वेगवेगळ्या टप्प्यांवर मिळून साडेसात हजारांहून जास्त पायलट त्यात उतरले. गर्दी एवढी की सर्व्हरला झेपावं म्हणून गेमने वेळच संथ केली. खेळाडूंची ७५ टायटन, म्हणजे गेममधली सगळ्यात मोठी जहाजं, फुटली. नुकसानीचा अंदाज तीन लाख अमेरिकी डॉलरच्या आसपास काढला गेला. कंपनीने नंतर त्या जागी जहाजांच्या सांगाड्यांचं स्मारकच उभं केलं. आजही खेळाडू तिथे बघायला जातात.

तर आता मुद्द्यावर येऊ. शस्त्र निवडायचं कसं?

गोळी लागते कशी, हे आधी समजून घ्या

ईव्हमध्ये नेम तुम्ही धरत नाही. समोरचं जहाज लॉक करायचं, बटण दाबायचं, पुढचं काम गेम गणित करून ठरवतो. म्हणून तुमचा हात किती चपळ आहे याला फारशी किंमत नाही. तुम्ही स्टेशनमधून निघताना काय लावलं होतं आणि लढताना किती अंतर ठेवलं, यावरच बरंचसं ठरतं.

तोफांच्या बाबतीत तीन आकडे महत्त्वाचे. ऑप्टिमल रेंज, फॉलऑफ आणि ट्रॅकिंग.

ऑप्टिमल म्हणजे जिथपर्यंत अंतरामुळे नेम बिघडत नाही ती हद्द. त्यापुढे फॉलऑफ सुरू होतो. समजा तोफेची ऑप्टिमल १० किलोमीटर आहे आणि फॉलऑफ ५ किलोमीटर. मग १५ किलोमीटरवर गोळी लागायची शक्यता निम्म्यावर येते. २० किलोमीटरवर ती जेमतेम ६ टक्के राहते. त्यामुळे 'माझी तोफ २० किलोमीटर मारते' असं कुणी म्हणालं, तर त्यातली ऑप्टिमल किती आणि फॉलऑफ किती ते विचारा.

ट्रॅकिंग म्हणजे तोफ किती वेगाने वळू शकते. नवखे पायलट इथेच मार खातात. एखाद्या छोट्या स्टेशनवर उभे राहा, जिथे फास्ट लोकल थांबत नाही. गाडी समोरून जाते तेव्हा डब्यातला एक चेहरा धड दिसत नाही, मान वळेपर्यंत गाडी गेलेली असते. तीच गाडी लांबच्या टेकडीवरून बघा. निवांत सरकताना दिसते. गाडीचा वेग तोच, तुमचं अंतर बदललं.

तोफेचंही तसंच. एक फ्रिगेट सेकंदाला ५०० मीटर वेगाने तुमच्याभोवती १ किलोमीटरवर फिरत असेल, तर ती साधारण साडेबारा सेकंदांत पूर्ण चक्कर मारते. तोफेला सेकंदाला जवळपास २९ अंश वळावं लागतं. तीच फ्रिगेट त्याच वेगाने ५० किलोमीटरवर फिरत असेल, तर एका चकरेला साडेदहा मिनिटं लागतात. तोफेला सेकंदाला अर्धा अंश वळलं तरी पुरतं.

यात अजून एक गोष्ट मिसळते. प्रत्येक जहाजाची एक सिग्नेचर असते, म्हणजे ते लक्ष्य म्हणून किती मोठं दिसतं. फ्रिगेटची साधारण ३५ ते ४० मीटर, बॅटलशिपची ४०० मीटरच्या आसपास. गेमच्या गणितात लक्ष्य दहापट लहान असेल, तर तोफेला दहापट वेगाने वळण्याइतका त्रास होतो. शिवाय हे नुकसान सरळ रेषेत वाढत नाही. एका मर्यादेला लागण्याची शक्यता ५० टक्के असते. त्रास त्याच्या दुप्पट झाला की ती ६ टक्क्यांवर येते आणि तिप्पट झाला की शंभरात एकही लागत नाही.

आता माझ्या मित्राचं काय झालं ते बघा. बॅटलशिपच्या लार्ज तोफा, वळायला सुस्त. समोर ४० मीटरचं लक्ष्य, तेही अगदी अंगाला लागून फिरणारं. त्याच्या तोफा भारीच होत्या, त्याबद्दल वाद नाही. पण त्या दुसऱ्या बॅटलशिपसाठी होत्या. शिवाजी महाराजांच्या काळात भल्यामोठ्या फौजांचा जड सरंजाम चपळ घोडदळापुढे कसा अडकून पडायचा, ते आपण शाळेत वाचलंय. इथे तेच, फक्त अंतराळात.

तोफा चार मापांत येतात. फ्रिगेट आणि डिस्ट्रॉयरसाठी स्मॉल, क्रूझर आणि बॅटलक्रूझरसाठी मीडियम, बॅटलशिपसाठी लार्ज, आणि त्याहून अवाढव्य जहाजांसाठी एक्स्ट्रा लार्ज. पहिला प्रश्न 'कोणती तोफ सगळ्यात ताकदीची' हा नसून 'मी कुणाच्या मापाच्या जहाजाशी लढणार आहे' हा असतो.

लांबून मारू की जवळून?

प्रत्येक प्रकारच्या शस्त्रात एक जवळचं आणि एक लांबचं भावंड असतं. हायब्रिडमध्ये ब्लास्टर जवळचा आणि रेलगन लांबची. लेझरमध्ये पल्स जवळचं, बीम लांबचं. प्रोजेक्टाईलमध्ये ऑटोकॅनन जवळची, आर्टिलरी लांबची. मिसाईलमध्येही तसंच, फ्रिगेटवर रॉकेट जवळचं आणि लाईट मिसाईल लांबचं, तर बॅटलशिपवर टॉर्पिडो जवळचा आणि क्रूझ मिसाईल लांबचं.

जवळचं शस्त्र सेकंदाला जास्त मारतं आणि चपळ वळतं. लांबचं कमी मारतं, सुस्त वळतं, पण समोरचा पोहोचायच्या आत मारायला लागतं.

ऐकायला लांबचंच बरं वाटतं ना? मलाही सुरुवातीला वाटायचं. पण यात एक गोम आहे. ईव्हमध्ये समोरचा हरायला लागला की तो वॉर्प करून पळून जातो. त्याला धरून ठेवायचं तर वॉर्प डिसरप्टर लागतो आणि साध्या डिसरप्टरची पोहोच २० किलोमीटर असते, सुधारित टी-टू डिसरप्टरची २४. वॉर्प स्क्रॅम्बलर समोरच्याचं वेगवान मायक्रोवॉर्प ड्राईव्ह इंजिनही बंद पाडतो, पण त्याची पोहोच फक्त साडेसात ते नऊ किलोमीटर. समोरच्याचा वेग निम्म्यावर आणणारा स्टॅसिस वेब १० किलोमीटरपर्यंतच चालतो.

म्हणजे तुमची तोफ ६० किलोमीटर मारत असेल आणि तुम्ही एकटे असाल, तर त्या ६० चा फायदा काय? समोरच्याला ओरखडा पडेल आणि तो निघून जाईल. एकट्याने लढणाऱ्याने आधी आपण किती अंतरावर धरून ठेवू शकतो ते बघावं आणि तोफ त्या हिशोबाने घ्यावी. टोळीत असाल, धरायला दुसरा कुणी असेल, तर मात्र लांबून मारण्यात शहाणपणा आहे.

तोफ तीच ठेवून गोळी बदलूनही अंतर बदलतं. हायब्रिडची अँटीमॅटर गोळी सगळ्यात जोरदार लागते, पण तोफेची ऑप्टिमल निम्मी करते. आयर्न गोळी लांब जाते, पण तिचा मार हलका. लेझरमध्ये मल्टिफ्रिक्वेन्सी क्रिस्टल जवळचं, रेडिओ लांबचं. नवखे लोक एकच गोळी भरून निघतात. निदान दोन प्रकार बरोबर ठेवा, एक जवळचा आणि एक लांबचा. गोळीची किंमत तोफेच्या मानाने काहीच नसते.

चार घराण्यांची चार शस्त्रं

गेममध्ये चार साम्राज्यं आहेत आणि प्रत्येकाची आवड वेगळी. हे फक्त कथेपुरतं नाही, त्यांच्या जहाजांना त्या-त्या शस्त्राचा बोनस असतो. जहाजाच्या माहितीत 'ट्रेट्स' हा भाग असतो, तो न वाचता शस्त्र घेणं म्हणजे पिच न बघता टीम निवडण्यासारखं आहे.

अमारचं शस्त्र लेझर. साधी क्रिस्टल्स कधीच संपत नाहीत, एकदा घेतली की झालं. बदलायलाही वेळ लागत नाही, जवळच्याचं लांबचं क्षणात करता येतं. पल्स लेझरमधलं टी-टू 'स्कॉर्च' क्रिस्टल तर जवळच्या शस्त्राला लांबच्याची पोहोच देतं, म्हणून खेळाडू त्यावर जीव टाकतात. पण लेझर कॅपॅसिटर, म्हणजे जहाजाची बॅटरी, भसाभस पितं. आणि समोरच्याकडे एनर्जी न्यूट्रलायझर असेल, तर तो तुमची बॅटरीच रिकामी करतो. मग तुमच्या तोफा नुसत्या शोभेला उरतात.

गॅलेंटेकडे ब्लास्टर आणि ड्रोन. जवळून मारण्यात ब्लास्टरचा हात धरणारं कुणी नाही, पण तिथपर्यंत पोहोचायचं तुम्हालाच असतं.

मिन्मातारच्या प्रोजेक्टाईल तोफांना बॅटरी लागतच नाही. कुणी तुमची बॅटरी शून्यावर आणली तरी ऑटोकॅनन धडधडत राहते. गोळी बदलून डॅमेजचा प्रकारही बदलता येतो. तोटा म्हणजे गोळी बदलायला १० सेकंद जातात. चुरशीच्या लढाईत १० सेकंद फार मोठे असतात.

कॅल्डारीचं मिसाईल मला नवख्या माणसासाठी सगळ्यात सोपं वाटतं. बॅटरी लागत नाही आणि ट्रॅकिंगची भानगड नाही. टप्प्यातलं लक्ष्य असेल तर मिसाईल जाऊन धडकतंच. पण धडकलं म्हणजे पूर्ण लागलं असं नाही. स्फोटाचा एक आकार असतो आणि एक वेग. लक्ष्य त्या आकाराहून लहान आणि त्या वेगाहून पळपुटं असेल, तर डॅमेज कापलं जातं. बॅटलशिपचा टॉर्पिडो फ्रिगेटला लागला तर फ्रिगेटवाला हसतो. म्हणजे मापाचा नियम इथूनही सुटत नाही, फक्त वेगळ्या दाराने येतो. दुसरं म्हणजे मिसाईलला पोहोचायला वेळ लागतो. लांबच्या लक्ष्यावर सोडलं आणि मधल्या वेळात तुमच्या दोस्ताने ते जहाज फोडलं, तर तुमचं मिसाईल फुकट.

ड्रोनबद्दल थोडक्यात. साधारण जहाजांना एका वेळी जास्तीत जास्त पाच बाहेर सोडता येतात, ते स्वतः जाऊन लढतात आणि शत्रू ते फोडूही शकतो. मोठ्या जहाजावर लहान ड्रोन ठेवणं हा माझ्या मित्राच्या प्रश्नाचा सगळ्यात स्वस्त तोडगा होता. तुमच्या तोफा ज्या चिमुकल्या जहाजाला मारू शकत नाहीत, त्याच्या मागे लहान ड्रोन सोडायचे. त्याच्या बॅटलशिपमध्ये ड्रोनसाठी जागा होती. ती रिकामी होती!

डॅमेज चार प्रकारचं, आणि फरक दुपटीचा

ईव्हमध्ये डॅमेजचे चार प्रकार आहेत. इलेक्ट्रोमॅग्नेटिक म्हणजे ईएम, थर्मल, कायनेटिक आणि एक्सप्लोझिव्ह. जहाजाला तीन थर असतात, आधी शील्ड, मग आर्मर, मग सांगाडा. प्रत्येक थर प्रत्येक डॅमेजला वेगवेगळा अडवतो.

साध्या जहाजाची शील्ड ईएमला अजिबात अडवत नाही, थर्मलला २० टक्के, कायनेटिकला ४० आणि एक्सप्लोझिव्हला ५० टक्के अडवते. म्हणजे हजाराचा ईएम मार पूर्ण हजार लागतो, तोच एक्सप्लोझिव्ह असेल तर पाचशेच. आर्मरचं बरोबर उलटं. तिथे ईएमला चांगला अडथळा असतो आणि एक्सप्लोझिव्हला कमी.

अमारचं लेझर ईएम आणि थर्मलच देतं, त्याला पर्याय नाही. हायब्रिड कायनेटिक आणि थर्मल. मिसाईलमध्ये मात्र चारही मिळतात. म्योलनिर ईएम, इन्फर्नो थर्मल, स्कर्ज कायनेटिक आणि नोव्हा एक्सप्लोझिव्ह. फक्त काही कॅल्डारी जहाजांचा बोनस ठराविक प्रकारालाच असतो, तेव्हा ट्रेट्स पुन्हा बघा.

कॉम्प्युटरच्या समुद्री चाच्यांशी, म्हणजे अंतराळी चाच्यांशी लढताना हे ज्ञान सरळ पैसे मिळवून देतं, कारण त्यांच्या सवयी ठरलेल्या आहेत. सान्शा आणि ब्लड रेडर्स यांना ईएम झोंबतं, गुरिस्टासना कायनेटिक, एंजल कार्टेलला एक्सप्लोझिव्ह. सर्पेंटिसवर कायनेटिक आणि थर्मल चालतं. योग्य गोळी भरली की तेच काम बऱ्याच कमी वेळात होतं.

खऱ्या खेळाडूशी लढताना गोष्ट अवघड होते, कारण त्यालाही हे सगळं माहीत असतं. तो आपल्या शील्डचं ईएमचं भोक आधीच बुजवून आलेला असतो. मग अंदाज लावावा लागतो. इथे झेडकिलबोर्ड नावाची वेबसाईट कामाला येते. गेममध्ये फुटलेल्या जहाजांच्या नोंदी तिथे सगळ्यांना बघता येतात, कुणी काय लावलं होतं ते एकेका तोफेसकट. समोरच्याचं नाव टाकलं की त्याच्या खोडी कळतात. अर्थात तुमच्याही तिथेच असतात.

जहाज जाणारच आहे, हे माहीत असताना

आता एक असा प्रकार, जो ऐकून मी पहिल्यांदा चक्रावलो होतो. गेममध्ये सुरक्षित मानला जाणारा भाग आहे. तिथे कुणी विनाकारण हल्ला केला तर कॉन्कॉर्ड नावाचे पोलीस काही सेकंदांत येतात आणि हल्लेखोराचं जहाज फोडतात. त्यांच्यापासून सुटका नाही, विम्याचे पैसेही मिळत नाहीत.

तरीही तिथे मालवाहू जहाजं लुटली जातात. कशी? तर गॅलेंटेचं कॅटॅलिस्ट नावाचं स्वस्त डिस्ट्रॉयर घ्यायचं, त्यावर ब्लास्टर भरायचे आणि दहा-वीस जणांनी मिळून एकदम तुटून पडायचं. आपलं जहाज जाणार हे धरलेलंच असतं, म्हणून संरक्षणावर खर्च शून्य. पोलीस यायच्या आत दर इस्कमागे सगळ्यात जास्त डॅमेज कोण देतं, एवढा एकच प्रश्न. सगळ्यांची जहाजं जातात, पण फुटलेल्या मालवाहू जहाजातून त्याच्या कितीतरी पट माल हाती लागतो.

हे नैतिक आहे का, यावर खेळाडूंमध्ये कायमचं भांडण आहे. ज्याचा माल जातो त्याच्या बाजूने माझं मत पडतं. पण शस्त्र निवडीचा हिशोब म्हणून हा प्रकार अभ्यासावा असा आहे.

मोठ्या फौजांच्या लढाईत वेगळाच हिशोब लागतो. तिथे प्रत्येक बाजूला दुरुस्ती करणारी लॉजिस्टिक्स जहाजं असतात. एखाद्यावर मारा सुरू झाला की ती त्याला पुन्हा भरून काढतात. अशा वेळी सेकंदाला किती डॅमेज यापेक्षा एका दणक्यात किती डॅमेज, म्हणजे ज्याला अल्फा म्हणतात, ते मोलाचं ठरतं. आर्टिलरी दोन गोळ्यांमध्ये बराच वेळ घेते, पण तिचा एकेक दणका जबर असतो. शंभर जहाजांनी एकाच वेळी एकाच लक्ष्यावर दणका दिला, तर दुरुस्तीवाल्याला हात लावायलाही वेळ मिळत नाही. बी-आर-५-आर-बी मध्येही टायटनवाले आपली डूम्सडे नावाची महाकाय शस्त्रं अशीच ठरवून, एकेका टायटनवर एकत्र सोडत होते.

खिचडी नको

झेडकिलबोर्डवर थोडा वेळ घालवला की नवख्यांची एक चूक सारखी दिसते. एकाच जहाजावर दोन ब्लास्टर, एक रेलगन, एक मिसाईल लाँचर. विचार असा की जवळही मारता येईल, लांबही मारता येईल. प्रत्यक्षात कुठल्याही अंतरावर अर्धीच शस्त्रं लागतात. एकाच जातीची, एकाच मापाची लावा.

डॅमेज वाढवणारी मॉड्यूल्स सगळ्या जागांवर ठोकू नका. पहिलं पूर्ण काम करतं, दुसरं साधारण ८७ टक्के, तिसरं ५७ आणि चौथं फक्त २८ टक्के. चौथ्याच्या जागी दुसरं काहीही लावलं तरी ते जास्त उपयोगी पडेल. तसंच मोठी तोफ बसावी म्हणून जहाजाची वीज आणि सीपीयू सगळा तिच्यावर घालवला, तर शील्ड आणि इंजिनाला काही उरत नाही. त्याच प्रकारातली एक माप लहान तोफ बऱ्याचदा चपळही वळते आणि जागाही सोडते.

हे सगळं ईव्हपुरतंच आहे असंही नाही. 'एलिट डेंजरस'मध्ये लेझर शील्डवर चालतं आणि शील्ड पडली की सांगाड्यावर गोळ्यांच्या मल्टिकॅनन. तिथे म्हणून दोन्ही एकत्र लावणं शहाणपणाचं आहे, जे ईव्हमध्ये चूक ठरतं. २०१२ च्या 'एफटीएल' या छोट्याशा गेममध्ये मिसाईल शील्डला सरळ ओलांडून जातं, पण मोजकीच मिळतात, म्हणून कधी सोडायचं यावरच गेम फिरतो. गेम बदलला की नियम बदलतात, तेव्हा एकाचा सल्ला दुसऱ्यात वापरू नका.

सुरुवात करायची असेल तर

ईव्हमध्ये आता फिटिंगच्या खिडकीतच सिम्युलेशनची सोय आहे. जहाज आणि शस्त्र विकत न घेता लावून बघता येतं, डॅमेज, रेंज, बॅटरी किती वेळ टिकेल, सगळे आकडे दिसतात. बाहेर 'पायफा' नावाचं फुकट सॉफ्टवेअरही आहे, जुने खेळाडू त्यावर रात्री घालवतात.

पहिल्या लढाया फ्रिगेटवर करा. मिन्मातारची रिफ्टर किंवा कॅल्डारीची केस्ट्रेल, दोन्ही स्वस्त. एका बॅटलशिपच्या पैशात ढिगाने फ्रिगेट येतात आणि प्रत्येक पराभवात एक गोष्ट कळते. ती हरलेली नोंद नंतर उघडून बघा. समोरच्याने काय लावलं होतं, त्याने कोणतं अंतर धरलं, तुमची कोणती गोळी भरलेली होती. जिता नावाच्या तारामंडळातला बाजार सगळ्यात मोठा आहे, तिथे एकदम दहा सारख्याच फ्रिगेट भरून घेतल्या की एक गेल्याचं दुःख होत नाही.

माझा मित्र सध्या तिसऱ्या रिफ्टरवर आहे. गेल्या आठवड्यात त्याने एक बॅटलशिप पकडली होती म्हणे. आधी तिच्या ड्रोनची जागा रिकामी आहे का, ते त्याने झेडकिलबोर्डवर बघून घेतलं होतं.